एक टन खोकी, दहा हजार माणसं, तीन महिने

या वस्तूचा रिव्ह्यू सहसा कुणी लिहीत नाही, कारण विकत घेणारा ती वापरत नाही आणि वापरणाऱ्याला ती विकत घ्यावी लागत नाही. मधल्या जागी मी असते. मी फार्मासिस्ट. छावणीतल्या दवाखान्याचं स्टोअर सांभाळते. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या संस्थांच्या पगारावर, आजवर अकरा वेळा हे किट उघडलंय. मिक्सरवर चार ओळी लिहिणाऱ्यांपेक्षा माझा अनुभव नक्कीच जास्त आहे.

वस्तूचं पूर्ण नाव इंटरएजन्सी इमर्जन्सी हेल्थ किट. युद्ध, पूर, भूकंप, काहीही झालं आणि हजारो माणसं घरदार सोडून उघड्यावर आली, की पहिल्या काही दिवसांत जे औषधांचं घबाड येतं ते हे. दहा हजार लोकांना तीन महिने पुरावं असा हिशेब. वजन साधारण एक टन. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ, संयुक्त राष्ट्रांचं निर्वासित उच्चायुक्तालय, रेड क्रॉस, एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स), अशांनी एकत्र बसून यादी ठरवलेली. १९९० साली ते 'न्यू इमर्जन्सी हेल्थ किट' म्हणून निघालं, मग १९९८, २००६, २०११, २०१५, २०१७ अशा सुधारणा होत गेल्या. मी २००६ चं उघडलंय आणि २०१७ चंही. मधली एक आवृत्ती माझ्या वाट्याला आलीच नाही.

आधी पॅकिंगबद्दल. आंतरराष्ट्रीय मदतीत वैद्यकीय सामानाला हिरवा रंग, अन्नाला लाल, कपडे-भांड्यांना निळा, असा संकेत आहे. अंधारात, टॉर्चच्या उजेडात, ट्रकमधून दोनशे खोकी उतरत असताना हा संकेत पाळणाऱ्याचे पाय धरावेसे वाटतात. पॅकिंग लिस्ट मात्र कुठल्यातरी एका खोक्यात असते आणि ते खोकं हमखास थप्पीच्या तळाशी. कात्री किटमध्ये आहे, पण ती खोक्यात, आणि खोकं उघडायला कात्री हवी. म्हणून ओळखपत्राच्या दोरीला मी कटर बांधून ठेवलेलं असतं. नवीन येणाऱ्या फार्मासिस्टला पहिला सल्ला हाच देते. दुसरा सल्ला विचारेपर्यंत तो कटर शोधत असतो.

आत दोन भाग असतात. दहा बेसिक युनिट, प्रत्येक एक हजार लोकांसाठी. आणि एक सप्लिमेंटरी, दहा हजारांसाठी. बेसिक हे थोडंफार प्रशिक्षण झालेल्या आरोग्यसेवकासाठी, सप्लिमेंटरी डॉक्टर आणि अनुभवी नर्ससाठी. सप्लिमेंटरीत बेसिकमधली औषधं पुन्हा घातलेली नसतात, त्यामुळे नुसतं सप्लिमेंटरी मागवणाऱ्याच्या हातात भुलेचं केटामीन असतं आणि ताप उतरवायची गोळी नसते. असं झालेलं मी पाहिलंय. कुणी केलं ते सांगत नाही.

बेसिक युनिटमध्ये एकही इंजेक्शन नाही. माझ्या मते अख्ख्या किटमधला सगळ्यात शहाणा निर्णय हा. पॅरासिटामॉल, अमॉक्सिसिलिन, ओआरएस, झिंक, जंतांची गोळी, लोह आणि फॉलिक ॲसिड, डोळ्यांचं मलम, गॉज, साबण, थर्मामीटर, असंच साधं सामान. सुई आली की वापरलेल्या सुया पुरणं आलं, आणि एकीच्या सुईने दुसरीला कावीळ होणंही आलं. त्यात 'टोचलं नाही म्हणजे उपचार झालाच नाही' ही समजूत मी जिथे जिथे गेले तिथे तिथे होती, माझ्या आधीच पोहोचलेली. मी नवखी असताना एका तंबूतल्या आरोग्यसेवकाने मला विचारलं होतं, इंजेक्शनचं खोकं लपवून ठेवलंय का? मी रिकामं शेल्फ दाखवलं. पेशंटला सांगायला त्याला बरंच झालं, मॅडमकडेच नाहीये.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला घेतलं ती. बेसिक युनिटमध्ये छोट्या प्लास्टिकच्या पिशव्या येतात. गोळ्या मोठ्या डब्यात असतात, हजार-हजारच्या. पेशंटला द्यायच्या त्या मोजून पिशवीत घालून. यादीत ही ओळ शेवटीशेवटी असते, पेन आणि वह्यांच्या शेजारी, आणि कार्यालयातल्या माणसाची नजर तिच्यावरून घसरत जाते. पण छावणीत औषध आणि विष यांच्यातला फरक बऱ्याचदा ही पिशवीच असते. समोरच्या बाईला वाचता येत नाही, मला तिची भाषा येत नाही, दुभाष्या एक आणि रांग दीडशेची. मग मी पिशवीवर पेनाने सूर्य काढते, त्याखाली दोन टिंबं. मग चंद्र, त्याखाली एक टिंब. सकाळी दोन, रात्री एक.

एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ती पिशवी उलटीसुलटी करून पाहिली आणि दुभाष्यामार्फत विचारलं, हा सूर्य उगवतीचा की मावळतीचा? मी गप्प. बरोबरच होतं त्यांचं. त्या दिवसापासून मी सकाळचा सूर्य अर्धा काढते, खाली जमिनीची रेघ. दुपारचा पूर्ण गोल, वर. संध्याकाळचा काढतच नाही, थेट चंद्र. इतकी वर्षं कुठल्याच प्रशिक्षणात हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

तर या पिशव्या संपतात. माझ्या अनुभवात सहाव्या-सातव्या आठवड्यात, गोळ्यांच्या आधी. मग आम्ही किटमधल्याच वह्यांची पानं फाडून पुड्या बांधायला लागतो. मग वह्या संपतात आणि पेशंटची नोंद ठेवायला कागद नसतो. मग महिन्याचा अहवाल अंदाजपंचे जातो, आणि त्या अहवालावर पुढची मागणी ठरते. पिशवी दमडीची आणि तिच्यापायी हे रामायण. याचा अर्धा तारा कापलाय.

तरीही, किट नसतं तर काय होतं हेही सांगायला हवं. तेही मी निस्तरलंय. संकट आलं की जगभरातून लोक घरातली औषधं पाठवतात. अर्ध्या वापरलेल्या स्ट्रिप्स, तीन महिन्यांत मुदत संपणारी सिरप, कुठल्या भाषेतली लेबलं देव जाणे. बोस्नियाच्या युद्धात, १९९२ ते १९९६ या काळात, अशी सुमारे १७ हजार टन औषधं साठली जी कुणाच्या उपयोगाची नव्हती. ती नष्ट करायचा खर्चच कोट्यवधी डॉलरच्या घरात. त्यानंतर, १९९६ मध्ये, औषधदानाचे आंतरराष्ट्रीय नियम निघाले: मागितलं तेच द्या, लेबल समजेल अशा भाषेत हवं, पोहोचताना किमान एक वर्षाची मुदत शिल्लक हवी. नियम उत्तम. पण पोत्यांनी ते वाचलेले नसतात. एका ठिकाणी मी आणि एक नर्स, आम्ही दोघींनी दोन दिवस नुसती पोती निवडली, तांदळातले खडे निवडावेत तशी. बाहेर रांग होती. दोन दिवसांच्या शेवटी एक टोपलीभर कामाची औषधं निघाली.

या पार्श्वभूमीवर किटची खरी किंमत कळते. ती आतल्या औषधांत कमी आणि एकमतात जास्त. दहा संस्थांनी मान्य केलंय की यादी हीच, ताकद हीच, उपचारपद्धती हीच. रात्री एका संस्थेची नर्स आजारी पडली आणि दुसरीची आली, तर तिला अमॉक्सिसिलिन २५० चं की ५०० चं, हे विचारावं लागत नाही. माल आधीच बांधून, दुबईसारख्या ठिकाणच्या गोदामात विमानाजवळ ठेवलेला असतो. कोपनहेगनला युनिसेफचं गोदाम आहे, तिथूनही असाच माल निघतो. आंतरराष्ट्रीय आरोग्यसंस्था नेमकं करतात तरी काय, असं मला कुणी विचारलं, तर मी परिषदा आणि ठराव यांच्यावर बोलत नाही. हे सांगते. एवढं एक काम त्यांनी फार नीट केलंय.

आता न दिसणारी खोकी. मॉर्फिन.

यादीत ओळ आहे. शेल्फवर जागा आहे, मी चिठ्ठीही चिकटवते. पण खोक्यात हे जबर दुखण्यावरचं औषध नसतं, कारण ते १९६१ च्या अमली पदार्थ करारात येतं आणि सरहद्द ओलांडायला त्याला पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या, दोन्ही सरकारांची परवानगी लागते. घेणारं सरकार त्या वेळी कोसळलेल्या इमारतीत किंवा दुसऱ्या शहरात असतं. आपत्तीच्या वेळी आयात परवान्याची वाट न बघता पाठवता यावं, म्हणून सोपी पद्धत १९९६ मध्येच सुचवली गेली. तरी बाकीच्या किटला उशीर नको म्हणून नियंत्रित औषधं वेगळी बांधतात, आणि वेगळं बांधलेलं बहुतेक वेळा मागेच राहतं.

भिंत अंगावर पडून मांडीचा चुरा झालेला एक तरुण आला होता. डॉक्टरांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मी नाही म्हणून मान हलवली. केटामीन होतं, कारण ते नियंत्रित औषधांच्या आंतरराष्ट्रीय याद्यांमध्ये नाही, आणि नसावं असंच जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी पुन्हा पुन्हा म्हटलंय. गरीब जागी भूल म्हणजे बहुतेक केटामीनच. त्यावर पाय बसवला. पण केटामीन उतरल्यावर रात्रभर त्याला द्यायला पॅरासिटामॉल होतं. मांडीच्या हाडाला पॅरासिटामॉल. त्याचा भाऊ दर तासाला माझ्या स्टोअरच्या दाराशी यायचा. काही बोलायचा नाही, चिठ्ठी चिकटवलेल्या त्या रिकाम्या जागेकडे बघून परत जायचा. दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी काढून टाकली.

परवानगीचा कागद पाचव्या आठवड्यात आला.

ऑक्सिटोसिनचं रडगाणं वेगळं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवणारं हे औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं. म्हणजे बाकीच्या किटबरोबर त्याची शीतपेटी वेगळी यायला हवी, वाटेत बर्फ बदलायला हवा. एकदा पेटी आली ती आत कोमट पाणी आणि तापमापकावर २६ अंश घेऊन. ड्रायव्हर म्हणाला, तीन दिवस नाक्यावर उभे होतो. त्याचा काय दोष. मी ती ॲम्प्युल्स बाजूला ठेवली, नोंद केली, आणि आमच्या दाईला सांगायला गेले. तिने ऐकून घेतलं, मग म्हणाली, "फेकू नका. काहीच नसेल त्या रात्री मी तेच देणार." मी नियम पाळला. तेव्हापासून हा नियम पाळताना दरवेळी तिचा चेहरा आठवतो.

किट ज्याच्यासाठी नाही त्याला ते चालत नाही, हे नीट समजून घ्या. कॉलऱ्याची साथ आली तर यातलं ओआरएस दोन दिवसांत उडून जातं. १९९४ मध्ये रवांडातून शेजारच्या काँगोतल्या गोमाला आलेल्या निर्वासितांत पहिल्या महिन्यात पन्नास हजारांच्या आसपास माणसं गेली, बहुतेक कॉलरा आणि हगवणीने. एक टन खोक्यांनी ते आवरत नाही. त्यासाठी कॉलऱ्याचं स्वतंत्र किट असतं, आणि त्याहून आधी पाणी, माणशी दिवसाला किमान पंधरा लिटर. ओआरएसच्या पाकिटाबद्दल मात्र मी कधी वाईट बोलणार नाही. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत सलाईन संपल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी साखर-मिठाचं मिश्रण ड्रमांत कालवून नातेवाइकांच्याच हाती दिलं, आणि मृत्यूचं प्रमाण जे तीस टक्क्यांपर्यंत जायचं ते चार टक्क्यांच्याही खाली आलं. आज माझ्या शेल्फवर जे पाकीट आहे, २०.५ ग्रॅमचं, एक लिटर पाण्यात घालायचं, ते त्याच छावणीचं नातवंड. दहा हजार वस्तूंत एक वस्तू निवडायला सांगितली तर मी तेच घेईन.

मधुमेह आणि रक्तदाबाचे रुग्ण हे जुन्या किटचं दुसरं आंधळं ठिकाण. किट रचलं गेलं तेव्हा डोळ्यांसमोर होती जुलाब, न्यूमोनिया, हिवताप होणारी लहान मुलं. सीरियासारख्या युद्धात निर्वासित झाला तो पन्नाशीचा, रोज दोन गोळ्या घेणारा माणूस. त्याच्यासाठी आता असंसर्गजन्य आजारांचं वेगळं किट आहे, ग्लुकोमीटर आणि इन्सुलिनसकट. चांगलंय. जास्त लिहीत नाही, मी ते एकदाच हाताळलंय.

खरी तक्रार चौथ्या महिन्याची आहे.

हे किट पहिल्या तीन महिन्यांसाठी आहे असं त्याच्यासोबतच्या पुस्तिकेतच लिहिलंय. तोवर स्थानिक गरज मोजायची, आणि मग जे संपलं तेच मागवायचं. आमच्या भाषेत, आधी पुश (न मागता पाठवणं), मग पुल (मागेल तेच पाठवणं). प्रत्यक्षात पुश थांबतच नाही. एका थंड, उंचावरच्या छावणीत मी दीड वर्ष होते. तिथे डास नव्हते. चौथ्या महिन्यात दुसरं किट आलं, सातव्यात तिसरं, प्रत्येकात हिवतापाच्या गोळ्यांचा भाग, जो न मागवण्याची सोय असूनही आलेला. निर्जंतुकीकरणाचे नवे डबे, त्यांना तापवायचे नवे स्टोव्ह, नवे स्टेथोस्कोप. दहाव्या महिन्यात माझ्याकडे तीन स्टोव्ह होते, डॉक्टरांच्या गळ्यांपेक्षा जास्त स्टेथोस्कोप होते, मुदत संपत आलेल्या हिवतापाच्या गोळ्यांची भिंत होती, आणि पॅरासिटामॉल नव्हतं. बाहेर सगळी छावणी खोकत होती.

का येतं असं? कारण किट मागवणं सोपं. एक ओळ, एक सही. सुटी औषधं मागवायची तर कुणाला तरी स्टोअरच्या नोंदी वाचाव्या लागतात. आणि दुसरं कारण, जे बैठकीत कुणी बोलत नाही: 'दहा हजार लोकांसाठी तीन महिन्यांची औषधं' हे वाक्य बातमीत फार छान दिसतं. दोन किट उतरली की अहवालात 'वीस हजार लोकांना लाभ'. छावणी साठ हजारांची असो, नाहीतर खोकी अजून पट्टीबंद असोत. २००५ मध्ये मदतकार्याच्या पद्धतीत सुधारणा झाली, तेव्हापासून बऱ्याच मोठ्या आपत्तींत आरोग्यसंस्थांची एक समन्वय बैठक असते, सहसा जागतिक आरोग्य संघटना तिची प्रमुख. मी त्या बैठकांना मागच्या रांगेत बसले आहे. कोणी किती किट आणली याचा तक्ता पडद्यावर येतो. कोणाची पॅरासिटामॉल कधी संपली, याचा तक्ता एकदाही आला नाही. मी एकदा हात वर केला होता. वेळ संपली होती.

मग मी सरळ पत्र लिहिलं. एक पान, वरच्या कार्यालयाला: किट पाठवू नका. खाली यादी, दर आठवड्याला किती खपतं त्याची, पुड्यांच्या कागदावरून जुळवलेली. उत्तर आलं की किट फोडून पाठवता येत नाही. मी पुन्हा लिहिलं. या वेळी दुसऱ्या टेबलावरच्या कुणीतरी वाचलं असावं, कारण सुटा माल मागवण्याचा फॉर्म आला. तो फॉर्म पहिल्यापासून होता. दीड वर्षांतला एक वर्षाहून जास्त काळ तो कुठल्यातरी संगणकात होता आणि मला माहीत नव्हता. तुम्ही या कामात नवे असाल तर दुसऱ्याच आठवड्यात तो मागून घ्या, आणि खपाची नोंद पहिल्या दिवसापासून ठेवा, गोळी किती आली यापेक्षा किती गेली याची.

तारे: पहिले तीन महिने साडेचार. अर्धा पिशव्यांपायी गेला. मॉर्फिनपायी अख्खा एक जायला हवा, पण तो किटचा गुन्हा नाही. चौथ्या महिन्यापासून दोन.

फॉर्म भरल्यावर सात आठवड्यांनी छोटा ट्रक आला. पॅरासिटामॉल, अमॉक्सिसिलिन, खरजेचं औषध, आणि पिशव्यांची चार खोकी. या वेळच्या पिशव्यांवर सूर्य-चंद्र छापलेले होते. सूर्य पूर्ण गोल. खालची रेघ मी पेनाने ओढते.